बैल काऊन गेला

वाचा गेलेल्या बहिणीला बोलतं करण्यासाठी मी एक मूकपट केला.

हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, आणि मग हसावं की नाही म्हणून माझ्या तोंडाकडे बघतो. हसा हो, खुशाल हसा. विहीर आटली म्हणून तिच्याभोवती नक्षीचा कठडा बांधून देणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल तर पोळ्याच्या आधी वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावाला या. मी इथेच असतो, भाऊजींच्या ओसरीवर, मांडीवर लॅपटॉप आणि तोंडावर कठडा बांधून झाल्याचं समाधान.

पोळा पुन्हा आला आहे. बाजारात लाकडी बैल उभे राहिले आहेत, मुठीत मावणाऱ्यापासून थेट माणसाच्या छातीला लागणाऱ्यापर्यंत. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. लेकरं आपापला लाकडी बैल सजवून मिरवायला नेतात, आणि सिंदीत तर असे नंदी निघतात की लेकराच्या नावानं बापाचे मित्र दोऱ्या ओढतात. ताज्या ऑइलपेंटचा वास, भिजलेल्या तागाचा वास, बाशिंगाच्या चमकीचे कण सगळ्यांच्या हाताला. मध्येच सर येते. दुकानदार घाईघाईनं निळं प्लास्टिक ओढतात आणि त्याखाली सगळे बैल निळे होतात. तो निळा बघितला की माझी बोटं अजून शिवशिवतात. तोच माझा रोग.

पुण्याच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत मी उमेदीची वर्षं आभाळं काढण्यात घालवली. साहसकथांचे सिनेमे असत, बाहेरदेशच्या मंडळींसाठी. माझ्या टेबलावर गोष्ट कधी येत नसे. यायचं ते एवढंच, की इथे दरी, इथे वादळ, इथे पाण्याखाली गेलेलं शहर. मी ते काढायचो, जीव ओतून काढायचो. त्यापुढे पात्रं नाचवायची ती दुसऱ्या खोलीतली माणसं. माझ्या समुद्रावरून कोण गेलं, का गेलं, परत आलं की नाही, मला पत्ता नसे. त्याचं वाईटही वाटत नसे. टपरीवर चहा पिताना मी छातीठोक सांगायचो, “गोष्ट म्हणजे खुंटी. झूल टांगायला लागते म्हणून ठोकायची. बघायला येतात ते झूलच.” लोक मान डोलवायचे. चहाचे पैसे मी देत असल्यामुळे असेल.

मग असा संगणक आला की त्याला वाक्य लिहून दिलं की तो आभाळ काढून देतो. पावसानंतरची संध्याकाळ, जांभळट, लांब वीज, एवढं लिहा, आभाळ तयार. शब्दांना जन्मभर खुंटी म्हणणाऱ्याची नोकरी शेवटी एका वाक्यानं खाल्ली. हे ऐकून ताई किती हसली असती! पोट धरून, पदर तोंडात कोंबून. पण मी बिऱ्हाड गुंडाळून सिंदीला आलो तोवर तिचं हसूच एका बाजूला कलंडलं होतं.

ताई माझी मोठी बहीण. आमचं बालपण पवनारचं, धाम नदीच्या काठचं. आई शेतात, बाप शेतात, मला वाढवलं ताईनं, आणि तेही बहुतेक तोंडानं. ती सतत बोलायची. भांडी घासताना भांड्यांशी, वाट चालताना वाटेशी. माझ्याशी बोलताना वाक्याच्या शेवटी ‘बह्याड’, म्हणजे बावळट. लग्न होऊन सिंदीला आली तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या खाली आमचा सागवानी बैल घेऊन आली, चाकांसकट. सासरच्यांनी विचारलं, हे काय, तर म्हणाली, “माह्या भावाचा आहे. त्याच्यापाशी ठेवला तं मोडून टाकीन तो.” सासरी पाय ठेवताच माझी बदनामी. अशी ताई.

दीड वर्षापूर्वी, तुरीच्या सोंगणीच्या दिवसांत, ती अंगणात सुपानं तूर पाखडत होती. भाऊजी खाटेवर. ताई म्हणाली, “मी काय म्हनते...” आणि थांबली. सूप हातातून सुटलं. पुढचं वाक्य आलंच नाही. दवाखाना झाला, जीव वाचला, उजवा हात लुळा झाला आणि बोलणं गेलं. कान शाबूत, समज शाबूत, डोळे तर पूर्वीपेक्षा धारदार. आत सगळं जागेवर होतं. फक्त दार चिणलं गेलं होतं.

भाऊजी साधा माणूस. ट्रॅक्टर भाड्यानं मिळायला लागल्यावर जड मनानं बैलजोडी विकून मोकळा झालेला. तो येईल त्याला सांगायचा, “मी काय म्हनते म्हने, आन् मंग काईच नाई म्हने. सांगा बरं, काय म्हनत असन ते?” कुणी म्हणायचं, स्वयंपाकाचं असेल. भाऊजी मान हलवायचा. “स्वयपाकाचं तं ते मले इचारत नोहती कधी.”

गेल्या वर्षीचा तो सबंध पावसाळा आम्ही तिघांनी कार्टून बघत काढला. कार्टून हा भाऊजीचा शब्द. मी ॲनिमेशन म्हणायचो, तो कार्टून म्हणायचा, आणि टीव्ही त्याचा असल्यामुळे तेच ठरलं. वर्ध्याहून स्पीच थेरपीवाल्या मॅडम यायच्या, वयानं लहान, पण बोलण्यात ठाम. त्यांनी बरंच काही सांगितलं होतं. ओळखीच्या वस्तू दाखवा. वाक्य अर्धं सोडा, तिला पुरं करू द्या. घाई करू नका. चुकलं तरी बोलू द्या. मला त्यातलं ‘दाखवा’ तेवढं पटलं, कारण मला तेवढंच येत होतं. म्हटलं, दाखवतो.

दाखवलं मी. उडत्या जहाजांचे सिनेमे, बेटांचे सिनेमे, बर्फात हरवलेल्या लेकरांचे, आग ओकणाऱ्या प्राण्यांशी दोस्ती करणाऱ्या पोरींचे. बाहेर पाऊस पत्र्यावर बडवत असायचा, सोयाबीनच्या वावरांतून हिरवा उजेड घरात यायचा, ताई खुर्चीत, तिच्या मांडीवर तिचाच उजवा हात कुणी विसरून गेल्यासारखा पडलेला. आणि मी मध्येच सिनेमा थांबवून टीव्हीजवळ जाऊन बोटानं दाखवायचो. “ताई, हे पाय, हे पानी पाय! हा एकेक थेंब येगळा काढला हाय. हा उजेड पाय लाटेच्या आतून येऊन राह्यला.” ताई बघायची. डोळे मोठे व्हायचे. ओठ मिटलेले.

भाऊजीला पाण्याचं काही पडलेलं नव्हतं. त्याचा प्रत्येक सिनेमाला एकच प्रश्न, का.

“हा पोट्टा घरून काऊन निंगाला?”

“साहसावर निघाला, भाऊजी.”

“ते समजलं. काऊन?”

“कशाच्या तरी शोधात.”

“कायच्या? घरी जेवाले देत नाई काय त्याले?”

मी चिडायचो. आणि चिडण्याचं खरं कारण हे, की मला माहीत नसायचं. त्यातल्या एका सिनेमातली दरी तर मीच काढलेली होती. पात्र तिच्या कडेवर उभं राहून रडत होतं, आणि ते कशासाठी रडतं आहे हे मी पहिल्यांदाच, भाऊजीबरोबर, सिंदीच्या टीव्हीवर बघत होतो. दरी मात्र फार सुंदर होती. रडणाऱ्याकडे लक्षच जाऊ नये इतकी.

त्या दिवसांत माझ्या मनात एक भीती घर करून होती, ती मी कुणाला सांगितली नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, पहिले काही महिने फार मोलाचे असतात. पुढे पुढे वाट अरुंद होत जाते. महिने चालले होते. कपाशीला पात्या लागल्या, फुलं आली. ताईच्या तोंडून एक अक्षर नाही. कधी कधी ती तोंड उघडायची, मानेच्या शिरा ताणायची, आणि आतून नुसता वारा यायचा. मग ती डाव्या हातानं रिमोट भिंतीवर मारायची. भाऊजी उठून सेल गोळा करून आणायचा, रिमोटला रबर लावायचा आणि तिच्या हाताशी पुन्हा ठेवायचा. “ठेव, मारजो पुन्हा,” असं म्हणून.

आणि मला, महाशय, कल्पना सुचली. म्हटलं, परक्या समुद्रांनी ती कशी बोलेल? तिच्या स्वतःच्या गोष्टीचा सिनेमा करू.

पवनारला लाइट गेले की ताई मला लाकडी बैलाची गोष्ट सांगायची. पोळ्याच्या तोंडावर आमचा हा सागवानी बैल घरातून निघून जातो, धाम ओलांडतो, खडकांमध्ये भटकतो, पावसात भिजतो आणि परत येतो. कंदिलासमोर ताई बोटांची शिंगं करायची आणि भिंतीवर बैल चालायला लागायचा. तो बैल मला आज जसाच्या तसा आठवतो. नदीचे काळे खडक आठवतात, त्यांच्यात अडकलेलं चांदीसारखं पाणी आठवतं, काजव्यांनी भरलेलं बाभळीचं झाड आठवतं. झाड भिंतीवर कुठून आलं विचारू नका. ताई सांगायची आणि मला दिसायचं.

मी कामाला लागलो. दिवस नाही, रात्र नाही, नुसतं धामचं पाणी काढण्यात कितीतरी दिवस गेले. खडकावरून घसरताना ते आधी हिरवं, मग दुधी, मग पारदर्शक. पळसाच्या पानाच्या शिरा काढल्या. ढगांच्या पोटात वीज ठेवली, ती बाहेर न पडता नुसती पोट उजळवते तशी. आणि बैल! बैलाला मी असा सजवला की बाजारातल्या कुठल्याही नंदीनं मान खाली घालावी. अंगावर आरशांची झूल, कपाळाला बाशिंग, दोन्ही कानांवर रेशमी गोंडे असे घनदाट की कान दिसूच नयेत. डोळे पाणीदार, पापण्या लांब. वशिंड झुलीखाली फार उंच होऊन रेषा बिघडवत होतं, म्हणून ते थोडं उतरवलं. शब्द एकही ठेवला नाही. मनात म्हटलं, बोलेल ते चित्रच बोलेल. संवाद लिहिणारे ते दुबळे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी तो लावला. आभाळ इतकं गच्च होतं की पडदे ओढायची गरज पडली नाही. भाऊजी स्वयंपाकघरातून हात पुसत आला आणि दाराला टेकून उभा राहिला. बैल निघाला. नदी आली. काजवे आले. वीज ढगांच्या पोटात उजळली. मी टीव्हीकडे बघतच नव्हतो, मी ताईकडे बघत होतो. तिच्या तोंडावर माझंच पाणी निळं-हिरवं हलत होतं. सिनेमा संपला आणि तिच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं.

मला भरून आलं. मी कापऱ्या आवाजात म्हणालो, “भाऊजी, पाहा. रडली ताई.”

“मी आत्ता मिरचीची फोडनी देल्ली,” भाऊजी म्हणाला. “माह्याबी डोयातून येऊन राह्यलं.” आणि मग, डोळे चोळत, तोच प्रश्न. “चांगला हाय बा सिनेमा. पण हा बैल काऊन गेला?”

सांगतो की, म्हणून मी नेहमीसारखा टीव्हीजवळ गेलो.

मला आठवत नव्हतं. बैल कुठून गेला, कसा दिसला, त्याच्या पाठीवर उजेड कोणत्या बाजूनं पडला, सगळं आठवत होतं. का गेला ते नाही. कंदील लावलेल्या त्या सगळ्या संध्याकाळी मी भिंतीकडे बघत होतो. ताईकडे कान नव्हताच. मी सहज, अगदी सवयीनं, मान वळवून तिलाच विचारलं, “ताई, बैल काऊन गेल्ता व?”

तो चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. तिला माहीत होतं. उत्तर तिच्या गळ्यापर्यंत आलं, दातांमागे येऊन उभं राहिलं, ते मला जवळजवळ दिसलं. तिची मान थरथरली. तोंडाचा चांगला कोपरा ओढला गेला. वारा आला. पुन्हा वारा. मग ती डाव्या मुठीनं खुर्चीचा हात बडवायला लागली, धपधप, जशी बंद घरात कोंडलेली माणसं दार बडवतात. सगळ्या जगात ती गोष्ट माहीत असलेलं एकच माणूस होतं, आणि ते माझ्यासमोर बसून दार बडवत होतं, आणि मी बाहेर उभा राहून कठड्याची नक्षी दाखवत होतो.

भाऊजीनं तिची मूठ धरली. “राहू दे व. राहू दे. नाई सांगाचं तं नोको सांगू.” माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “तू बंद कर तुह्या समुद्र.”

“नदी आहे ती.”

“तेच ते.”

बाहेर पाऊस सुरू झाला होता. रस्त्यानं कुणी तरी घुंगरांची नवी माळ घेऊन चाललं होतं, तिचा आवाज सर्रकन जवळ आला आणि लांब गेला. मी माझ्या आयुष्यात बरीच आभाळं काळी केली आहेत, पण त्या दुपारी जे बघितलं तसा काळा रंग माझ्याकडे नव्हता.

संध्याकाळी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून शेकतात, वर्षभर जू वाहिलेला खांदा असतो तो. आणि त्याच्या कानात दुसऱ्या दिवसाचं जेवणाचं आमंत्रण देतात. आमंत्रण दिल्याशिवाय बैलाला जेवायला बसवत नाहीत, पाहुणाच तो. घरची जोडी विकल्यापासून ताई हे सगळं त्या सागवानी बैलाचं करायची. भाऊजी हसायचा, ती करायची. त्या वर्षी करणारं कोण? भाऊजीनंच पाट मांडला, बैल पुसून त्यावर ठेवला आणि हळद कालवून माझ्या हातात दिली. “लाव. तुह्याच हाय ना तो.”

मी लाकडाला हळद लावत बसलो. ताई खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. शांतता मला सोसवेना. आणि मग केवळ घाबरून मी तिची गोष्ट मोठ्यानं सांगायला लागलो. वाईट सांगितली. इतकी वाईट की भाऊजीला जांभई आली. “एक होता लाकडी बैल. तो, काय की, खजिना शोधाले निंगाला...”

खुर्चीवर धप्पकन आवाज आला. ताईनं मान वळवली होती. नाही.

“बरं, खजिना नाई. चारा शोधाले निंगाला.”

धप्प. लाकडाचा बैल, चारा कशाला खाईल!

“मंग त्याले राक्षसानं नेलं...”

तिनं रिमोट उचलला. मी डोकं वाचवून पुढे पळालो. नदी उरकली, काजवे एका वाक्यात उरकले, ज्या काजव्यांवर मी दिवसचे दिवस घातले होते ते, बैल परत आणला आणि म्हणालो, “आन् मंग तो घरी आला, पाटावर बसला, आन् पुरनपोयी खाऊ लागला. झाली गोष्ट.”

“अं!” ताई ओरडली. शब्द नव्हता तो, पण संताप पूर्ण होता. इतकी ढळढळीत चूक तिच्या गोष्टीत कुणी केली नव्हती. तिनं डावा हात लांब करून बैलाकडे बोट केलं. भाऊजीनं पाट तिच्यापाशी सरकवला. ती वाकली, इतकी की पडेल म्हणून मी धरायला गेलो. तिनं मला कोपरानं बाजूला सारलं. बैलाच्या कानापाशी तोंड नेलं. तिच्या गालाला हळद लागली.

“आज आवतन घे,” ताई म्हणाली. जड, घासलेला, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज. “उद्या... जेवाले ये.”

भाऊजीनं पाट आणखी जवळ सरकवला.

आणि मला तेव्हा कळलं बैल का गेला ते. सगळ्या बैलांच्या कानात आवतन पडलं, लाकडाच्या बैलाला कुणी दिलं नाही. म्हणून गेला. कुणी तरी कानात बोलावं म्हणून गावोगाव हिंडला. आवतनाशिवाय तो परत येणार कसा आणि पाटावर बसणार कसा? हे आमच्याकडे शेंबड्या पोराला समजतं, आणि मी त्याच बैलाच्या दोन्ही कानांवर रेशमी गोंडे लटकवून ठेवले होते. बोलायला जागाच ठेवली नव्हती. “म्हनून गेल्ता काय, ताई?” मी विचारलं. तिनं डाव्या हातानं माझ्या डोक्यात टपली मारली. हळदीची.

इथे ललित लेख संपवता आला असता तर किती बरं झालं असतं! पण मॅडम आल्या, सगळं ऐकलं आणि सावकाश म्हणाल्या, “छान झालं. पण याला बोलणं समजू नका. घोकलेलं असतं ते. आरती, पाढे, शिव्या, असली वाक्यं मेंदूत वेगळ्या जागी राहतात आणि आपोआप बाहेर येतात. तिचं स्वतःचं वाक्य येऊ द्या. कुणी न शिकवलेलं, त्या क्षणी तिनं जुळवलेलं. दोन शब्दांचं असलं तरी चालेल. त्याची वाट बघा.”

बघतो आहोत. वर्ष झालं. दसरा गेला, कापूस घरात आला, घरातून गेला, पुन्हा तूर आली आणि भाऊजीनं ते सूप माळ्यावर टाकून दिलं. उन्हाळा असा तापला की भिंतीला हात लागेना. ताईपाशी एक वाक्य होतं आणि तेच तिनं सगळ्याला वापरलं. तहान लागली, “आवतन घे.” दुखलं, “उद्या जेवाले ये.” पंखा बंद पडला, शेजारची भेटायला आली, भाऊजीनं शर्ट उलटा घातला, सगळ्याला तेच. भाऊजी म्हणायचा, “साऱ्या सिंदीत मीच नशीबवान. मले रोजच आवतन हाय.” आणि उठून मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ तिथेच उभा राहायचा. मी जात नसे. मला माहीत असायचं तो कोणत्या वाक्याचा विचार करतो आहे. मी काय म्हनते.

या उन्हाळ्यात मॅडमचं येणं विरळ झालं. त्यांनी कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

मी मात्र अजून सिनेमाच करतो आहे. दुसरं येतं काय मला? पण वर्षभर बसून एक गोष्ट कळली, उशिरा. उत्तम चित्र माणसाला गप्प करतं. ते त्याचं भूषणच आहे, मी नाकारत नाही. दरीच्या कडेवर माणसानं गप्पच व्हावं. पण गोष्ट, आणि त्यातही वाईट सांगितलेली गोष्ट, ऐकणाऱ्याला गप्प बसू देत नाही. तो म्हणतो, मग? तो म्हणतो, असं कसं? तो खुर्ची बडवतो, रिमोट उचलतो. भाऊजीच्या प्रत्येक ‘काऊन’मध्ये तो सिनेमात शिरत होता आणि मी त्याला लाटेचा थेंब दाखवून बाहेर काढत होतो. जन्मभर मी अशी आभाळं काढली, ज्यांच्याखाली कुणाला काही बोलावंसं वाटू नये. हे शहाणपण नोकरी जायच्या आधी सुचलं असतं तर! पण मग मी मी नसतो.

तर सिनेमा पुन्हा केला. सुरुवातीला खांदशेकणी घातली. कानांवरचे गोंडे काढले, ते काढताना फार वाईट वाटलं. नदी निम्मी कापली. स्वतःच्या आवाजात गोष्ट सांगितली, ठिकठिकाणी वाक्य अर्धं सोडून. मॅडम दीड वर्षापूर्वी हेच सांगत होत्या. ‘बैल निघाला, कारण त्याला कुणी...’ असं म्हणून थांबायचं. ताई पुरं करेल म्हणून.

काल दुपारी लावला. भाऊजी या वेळी फोडणी न देता आला होता, मुद्दाम. बाहेर तेच गच्च आभाळ, तीच निळी प्लास्टिकं, त्याच घुंगरांच्या माळा. माझा आवाज टीव्हीतून म्हणाला, “बैल निंगाला, काऊन का त्याले कोनी...” आणि थांबला. ताई गप्प. नदी आली. “बैलानं खडकाले इचारलं, तू तरी मले...” गप्प. काजवे आले, गेले. एकेक रिकामी जागा येत होती आणि रिकामीच जात होती. भाऊजी टीव्हीकडे बघेना. तो पायाच्या अंगठ्यानं फरशीवर उगीच रेघा ओढत होता. बैल परत आला. सिनेमातल्या पोरीनं, म्हणजे लहानपणच्या ताईनं, त्याच्या कानाशी तोंड नेलं. माझा आवाज थांबला. ही जागा तर तिची पाठ होती. निदान इथे तरी.

ताई बोलली नाही. पडद्यावर बैलाचं तोंड मोठं होऊन थांबलं, पाणीदार डोळे, लांब पापण्या. सिनेमा संपला.

मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. मनात म्हटलं, संपलं आता. हा शेवटचा. यापुढे ताईला तिच्या शांततेत राहू द्यावं, तिच्या तोंडासमोर पुन्हा पुन्हा बंद दार आणून उभं करू नये.

“अं,” ताई म्हणाली.

हात तसाच राहिला. ती पडद्याकडे बोट करत होती. मानेची शीर ताणली गेली. वारा आला. पुन्हा वारा. भाऊजी उठला आणि उभाच राहिला. “बै...” ताई म्हणाली. “बैल...” डोळे मिटले, उघडले, जणू आत वाकून एकेक शब्द हातानं चाचपून काढत होती. आम्ही दोघं तिच्या ओठांकडे बघत होतो. ती पडद्यावरच्या त्या पापण्यांकडे बघत होती, वशिंड उतरवलेल्या पाठीकडे, आणि मग तिनं सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. पूर्वी बघायची तसं.

“बैल... नाई,” ताई म्हणाली. “गाय हाय थे. बह्याड.”